अत्यावश्यक भागीदार : कॅनडाच्या स्टार्टअप व्हिसावर गेलेल्या नाशिकच्या एका कंपनीचे प्रकरण

फेब्रुवारी २०२५ मध्ये नाशिकमधील एका वयस्कर गृहस्थांना पहाटे अर्धांगवायूचा झटका आला, आणि तेथून बारा हजार किलोमीटरहून अधिक दूर, कॅनडातील सेंट कॅथरिन्स या शहरात राहणाऱ्या, त्यांच्याशी रक्ताचे कोणतेही नाते नसलेल्या एका कुटुंबाचा कायमस्वरूपी निवासाचा अर्ज धोक्यात आला. हे कोणत्या कागदावरील कोणत्या शब्दामुळे घडले आणि त्यातून पुढे कशी वाट निघाली, ते मांडण्यासाठी हे प्रकरण लिहीत आहे. मी नाशिकमध्ये सनदी लेखापाल म्हणून काम करतो. या कंपनीचे हिशेब स्थापनेपासून माझ्या कार्यालयात आहेत आणि तिच्या परदेशी जाण्याच्या कामातले भारताकडील कागद मीच तयार केले. दोन्ही कुटुंबांना विचारूनच लिहितो आहे. नावे गाळली आहेत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. दोघेही संस्थापक मला मुलांसारखे आहेत, त्यामुळे त्यांचा उल्लेख एकेरी केला आहे.

कंपनी आणि तिचा डबा

कंपनी २०१८ मध्ये सुरू झाली. एक भागीदार इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता, निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदाराच्या घरातला. दुसरी भागीदार त्याची महाविद्यालयातील वर्गमैत्रीण; ती सॉफ्टवेअर पाहते. त्यांचे उत्पादन म्हणजे बागेत खांबावर बसवायचा एक डबा. पानांवर ओलावा किती तास राहिला, त्या वेळी तापमान आणि हवेतील आर्द्रता किती होती, हे तो मोजतो आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून पाठवतो. ऑक्टोबरमधील फळ छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने बागायतदार फवारणीमागून फवारणी घेतो. पान पुरेसे तास ओले राहिलेच नसेल तर त्यातील काही फवारण्या वाया जातात आणि युरोपला माल पाठवणाऱ्याला औषधांच्या अंशाची चिंता लागते. फवारणी आज खरोखर लागणार आहे का, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर हा डबा देतो.

२०२१ पर्यंत दिंडोरी, निफाड आणि तासगाव या भागांत त्यांचे काही शे डबे लागले होते. उत्पादन चांगले होते, पण पैसा हंगामाला बांधलेला होता. अवकाळी पावसाने बाग गेली की डब्याचे पैसेही पुढच्या वर्षावर जात. एका कृषी प्रदर्शनात ऑन्टारियोमधील नायगारा भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराशी ओळख झाली. त्याने दोन डबे मागवले, वापरले आणि आणखी मागितले. तिथूनच तिकडे जाऊन कंपनी काढण्याचा विचार दोघांच्या मनात पक्का होत गेला.

कॅनडाच का

अमेरिकेत उद्योजकांसाठी वेगळा स्टार्टअप व्हिसा नाही. तिथे २०१७ मध्ये केलेल्या नियमानुसार उद्योजकाला काही वर्षांची तात्पुरती राहण्याची मुभा मिळू शकते, पण तिचे रूपांतर आपोआप ग्रीन कार्डात होत नाही. ब्रिटनच्या त्या वेळच्या इनोव्हेटर व्हिसासाठी ५० हजार पौंडांची गुंतवणूक दाखवावी लागे. ती अट एप्रिल २०२३ मध्ये गेली, तोवर यांचा निर्णय झालेला होता. नवा उद्योग काढणाऱ्याला कायमस्वरूपी निवास देणारी कॅनडाची स्टार्टअप व्हिसा योजना या सगळ्यांपेक्षा वेगळी होती. १ एप्रिल २०१३ रोजी पाच वर्षांच्या प्रयोगासाठी ती सुरू झाली आणि २०१८ मध्ये कायम करण्यात आली. तिच्यात अर्जदाराने स्वतःचे भांडवल घालण्याची सक्ती नव्हती. सरकारने नेमलेल्या संस्थांपैकी एकीने पाठीशी उभे राहायचे. ती व्हेंचर कॅपिटल फंड, म्हणजे नव्या उद्योगांत भांडवल घालणारा निधी, असेल तर किमान २ लाख कॅनेडियन डॉलर, एंजल म्हणजे स्वतःच्या पैशाने गुंतवणूक करणाऱ्यांचा गट असेल तर किमान ७५ हजार डॉलर घालील. आणि इन्क्युबेटर, म्हणजे नव्या उद्योगांना मार्गदर्शन करून उभे करणारी संस्था, असेल तर त्याने तुम्हाला आपल्या कार्यक्रमात घेणे पुरेसे. इंग्रजी किंवा फ्रेंच ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चारही अंगांनी मध्यम दर्जाची हवी, आणि कुटुंबाच्या सुरुवातीच्या खर्चाला पुरेल एवढी रक्कम हाताशी हवी. चार जणांसाठी ती तेव्हा सुमारे २५ हजार डॉलर होती. एका उद्योगामागे पाच जणांपर्यंत अर्ज करता येत होता. क्वेबेक प्रांत मात्र या योजनेत नव्हता.

या योजनेचे मला सर्वांत मोठे वाटलेले औदार्य असे की, कायमस्वरूपी निवास एकदा मिळाला आणि पुढे उद्योग बुडाला, तरी निवास जात नाही. उद्योग करणाऱ्याला अपयशाची मुभा देणारा असा कायदा मी दुसरीकडे फारसा पाहिलेला नाही. मात्र हे औदार्य निवास हातात पडल्यानंतरचे आहे. अर्ज दाखल झाल्यापासून निवास मिळेपर्यंतच्या काळात उद्योग जिवंत हवा, तो कॅनडातून चालवलेला हवा आणि अर्जदार त्यात खरोखर गुंतलेला हवा. हा मधला काळ किती लांबेल, यावर पुढचे सगळे ठरते. योजनेतील पहिल्या दोघांना, युक्रेनमधील दोन तरुणांना, जुलै २०१४ मध्ये निवास मिळाला, म्हणजे योजना सुरू झाल्यापासून सुमारे सव्वा वर्षात. आमच्या डोळ्यांसमोर तोच वेग होता.

या टप्प्यावर पुण्यातील एका सल्लागाराने अभियंत्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. कल्पना तयार आहे, चार जणांची चमू तयार आहे, पाचवी जागा रिकामी आहे. एवढे पैसे भरा आणि बसा. अभियंत्याने मला फोन केला. मी त्याला एवढेच विचारले, ‘‘त्या कंपनीत तू करणार काय?’’ तो म्हणाला, ‘‘काहीच नाही, सर. म्हणूनच तर विचारतोय.’’ निवास मिळवणे हाच ज्याचा मुख्य हेतू आहे, त्याचा अर्ज नियमानेच नाकारला जातो. अधिकाऱ्याला शंका आल्यास त्या क्षेत्रातील जाणकारांकडून, पाठीशी उभ्या राहिलेल्या संस्थेने नीट चौकशी केली होती का, हे तपासून घेता येते. हे सगळे खरेच आहे. पण प्रस्ताव नाकारण्याला त्याहून साधे कारण होते. या दोघांकडे स्वतःचा चालता उद्योग होता आणि त्यांना दुसऱ्याच्या रिकाम्या खुर्चीची गरज नव्हती.

कागद

ऑन्टारियोमधील एका इन्क्युबेटरने सहा महिन्यांच्या ऑनलाइन कार्यक्रमानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांना स्वीकारले. अशा वेळी संस्था अर्जदाराला पाठिंब्याचे पत्र देत असे आणि बांधिलकीचे प्रमाणपत्र थेट सरकारकडे पाठवत असे. त्यानंतर सहा महिन्यांत अर्ज दाखल करावा लागे. भारताकडील कामाला आमच्या हाती एवढाच वेळ होता आणि काम सोपे नव्हते.

नियम असा होता की, प्रत्येक अर्जदाराकडे कॅनडातील कंपनीचे किमान १० टक्के मताधिकार हवेत, आणि सर्व अर्जदार व पाठिंबा देणारी संस्था मिळून ते निम्म्याहून अधिक हवेत. नाशिकच्या कंपनीत अभियंत्याच्या वडिलांचे आणि चुलत्यांचे बरेच शेअर होते. म्हणून कॅनडातील कंपनी ही नाशिकच्या कंपनीची उपकंपनी न करता दोघांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पैशाने काढायची, असे ठरले. ऑगस्ट २०२२ मध्येच परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम आले होते. त्यानुसार पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडून गुंतवणुकीचा क्रमांक घ्यावा लागतो. बँकेच्या शाखेत हे काम पूर्वी कोणी केलेले नव्हते, आणि त्यातच पाच आठवडे गेले. पैसे वार्षिक अडीच लाख अमेरिकी डॉलरच्या मर्यादेत, दोघांच्या स्वतंत्र खात्यांतून गेले. ते २०२३ च्या सुरुवातीला गेले हे बरे झाले, कारण त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून अशा रकमेवर सात लाखांपुढे २० टक्के कर आधी कापून घेतला जाऊ लागला. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर भांडवल अडकते. डब्याच्या तंत्रज्ञानाचे हक्क कॅनडातील कंपनीच्या नावावर करा, असा इन्क्युबेटरचा आग्रह होता. तसे केले असते तर ती विक्री ठरून नाशिकच्या कंपनीवर कर बसला असता, आणि चार वर्षे पैसे घालणाऱ्या चुलत्यांना वाऱ्यावर सोडल्यासारखे झाले असते. शेवटी हक्क नाशिककडेच ठेवले आणि उत्तर अमेरिकेपुरता वापराचा परवाना कॅनडातील कंपनीला दिला. हा तोडगा मला आजही योग्य वाटतो.

ज्याबद्दल असे म्हणता येत नाही, तो कागद एका पानाचा होता.

बांधिलकीच्या प्रमाणपत्रावर संस्था प्रत्येक अर्जदारापुढे नोंदवत असे, की हा उद्योगासाठी अत्यावश्यक आहे किंवा नाही. या नोंदीचा परिणाम फार मोठा असतो. अत्यावश्यक ठरलेल्या व्यक्तीचा अर्ज नाकारला गेला किंवा तिने तो मागे घेतला, तर त्या चमूतील सर्वांचे अर्ज नाकारले जातात. अत्यावश्यक नसलेला सदस्य बाजूला झाला तर इतरांना बाधा येत नाही. इन्क्युबेटरने कोण काय करतो याचा तक्ता मागितला होता, आणि तो मी लिहिला. त्यात मी दोघांनाही अपरिहार्य ठरवले: एकाशिवाय डबा नाही आणि दुसरीशिवाय डब्याचे उत्तर नाही. वस्तुस्थिती तशीच होती आणि तसे लिहिल्याने उद्योग भक्कम दिसत होता. शिवाय एक व्यावहारिक कारण होते. त्या वेळच्या नियमानुसार, निवासाचा निर्णय येण्याआधी कॅनडात जाऊन काम सुरू करायचे वर्क परमिट केवळ अत्यावश्यक सदस्यांनाच मिळत असे. दोघांनाही लवकर जायचे होते, असे आम्ही धरून चाललो.

पण ते दोघांच्या बाबतीत खरे नव्हते. तिचा मुलगा तेव्हा नववीत होता आणि दहावीची परीक्षा होईपर्यंत ती नाशिक सोडणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते. मी विचारले असते तर मलाही कळले असते. दीड वर्ष तिला त्या परमिटची गरजच नव्हती. तेवढ्यासाठी दोन घरांची भविष्ये एका गाठीत बांधली गेली. आणि ज्या नियमामुळे ती बांधली, तो नियमही टिकला नाही. जून २०२३ मध्ये सरकारने जाहीर केले की वर्क परमिट चमूतील प्रत्येकाला, तीन वर्षांपर्यंत आणि कोणत्याही कामासाठी खुले असे दिले जाईल. ते प्रत्यक्षात यायला पुढचे वर्ष उजाडले. कायदा बदलेल हे मला आधी कळणे शक्य नव्हते. मुलगा नववीत आहे हे कळणे मात्र अगदी शक्य होते.

निवासाचे दोन्ही अर्ज नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखल झाले. सरकारी शुल्क मुख्य अर्जदारामागे २,१४० डॉलर होते. पती, पत्नी आणि मुलांचे वेगळे. अभियंत्याच्या पत्नीचे नाव मी माझ्या नोंदवहीत ‘अवलंबित’ या शब्दाखाली लिहिले. ती नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात बारा वर्षे परिचारिका होती, आणि हे त्या पानावर कुठेही नव्हते.

नायगारातला पहिला हिवाळा

अभियंता, पत्नी आणि दोन मुली जून २०२३ मध्ये सेंट कॅथरिन्सला पोहोचल्या. नायगारा-ऑन-द-लेकच्या एका बागेत त्याने चौदा डबे लावले. उन्हाळा चांगला गेला. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि एका आठवड्यात नऊ डबे मुके झाले. त्याने ते काढून घरी आणले आणि स्वयंपाकघरातील टेबलावर उघडले. आत, निफाडच्या उन्हात चार वर्षे बिनतक्रार चाललेली लिथियम-आयन बॅटरी आणि वर बोटभर सौर पट्टी. थंडीचे दिवस असले तरी आकाश निरभ्र होते, त्यामुळे सौर पट्टी बॅटरी भरत राहिली होती. शून्याखाली लिथियम-आयन बॅटरी भरली तर लिथियम आतल्या ऋणाग्रात शिरण्याऐवजी त्यावर धातूच्या थराने बसतो, आणि बॅटरी कायमची निकामी होते. थंडीने नव्हे, थंडीत मिळालेल्या उन्हाने डबे मारले होते. त्याने तापमान घसरले की भरणे आपोआप थांबेल अशी सोय केली आणि हिवाळ्यापुरती वेगळी, न भरायची लिथियम बॅटरी आत बसवली.

या अपयशातूनच तिकडचा खरा धंदा सापडला, म्हणून हे सविस्तर सांगितले. डबे दुरुस्त करायला तो बागेत गेला, तेव्हा बागायतदाराने त्याला विचारले की डाऊनीचे राहू दे, आज रात्री माझ्या बागेच्या खालच्या टोकाला तापमान नेमके किती उतरेल ते सांगशील का? द्राक्षाच्या कळ्या हिवाळ्यात किती थंडी सोसतात, हे जातीनुसार आणि आठवड्यागणिक बदलते. सेंट कॅथरिन्समधील ब्रॉक विद्यापीठाची द्राक्ष आणि वाइन संशोधन संस्था कळ्यांची ती क्षमता मोजून बागायतदारांना कळवत असते. तापमान त्या आकड्याच्या जवळ आले की बागेत उभे केलेले मोठे पंखे लावून वरची उबदार हवा खाली ओढावी लागते. आणि एकाच बागेत उंच आणि सखल जागेत काही अंशांचा फरक असतो. नाशिकला रोगासाठी बनवलेला डबा नायगारात थंडीच्या पहाऱ्यावर उभा राहिला. २०२४ च्या मार्चमध्ये मुलाची दहावीची परीक्षा झाली आणि भागीदार वर्क परमिटवर तिकडे पोहोचली. हे नवे गणित तिने तिथेच, त्या वसंतात लिहिले. उद्योग म्हणून पाहिले तर तो काळ त्यांच्यासाठी सर्वांत चांगला होता.

अभियंत्याच्या पत्नीला जोडीदार म्हणून खुले वर्क परमिट मिळाले होते. आरोग्यसेवेत काम करायचे तर आधी वैद्यकीय तपासणी लागते, ती तिने करून घेतली, आणि सप्टेंबर २०२३ पासून वृद्धांच्या एका निवासगृहात सेविकेचे काम धरले. ज्या बाईच्या हाताखाली नाशिकमध्ये सहा परिचारिका होत्या, ती पहाटे साडेपाचच्या बसने जाऊन वृद्धांना आंघोळ घालत होती. घरभाडे त्या पगारावर चालले. कंपनीतून अभियंत्याने पहिले वर्षभर पगार घेतला नाही.

फाईल मागे पडली

३० एप्रिल २०२४ रोजी सरकारने ठरवले की एका संस्थेने वर्षाला दहाच उद्योगांना पाठिंबा द्यायचा. साचलेल्या अर्जांपैकी कोणाला प्राधान्य मिळेल तेही त्याच वेळी ठरले: ज्यांच्यामागे कॅनडातील भांडवल आहे, किंवा ज्यांचा इन्क्युबेटर देशाच्या ठरावीक तंत्रज्ञान जाळ्याचा सदस्य आहे, त्यांना. यांचा इन्क्युबेटर त्या जाळ्यात नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो निवडताना असा निकष अस्तित्वातच नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढील वर्षांचे स्थलांतराचे आकडे आले. उद्योजक गटासाठी २०२४ चे लक्ष्य ५,००० होते. २०२५ साठी ते २,००० करण्यात आले. अर्जांचा ढीग त्याच्या कितीतरी पट होता. म्हणजे यांचा नंबर केव्हा लागणार, याचे उत्तर महिन्यांत देता येईल असे राहिले नाही.

स्टार्टअपचे आयुष्य महिन्यांत मोजले जाते. भागीदार बदलतात, घरची माणसे आजारी पडतात, मुले मोठी होतात. अशा उद्योगातील माणसांना अनेक वर्षे त्याच जागी, त्याच भूमिकेत उभे राहायला सांगणे हा या योजनेचा मूळ दोष होता असे माझे मत आहे. निवास मिळाल्यावर अपयशाची मुभा देणारी योजना, निवास मिळेपर्यंत साध्या कौटुंबिक बदलाचीही मुभा देत नव्हती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये झटका आला तो भागीदाराच्या वडिलांना. ती त्यांची एकुलती एक मुलगी. सहा आठवडे ती नाशिकला येऊन राहिली. त्या काळात एका संध्याकाळी ती माझ्या कार्यालयात आली, बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, ‘‘सर, बाबांना सोडून मी आता जाऊ शकत नाही. पण मी फाईल मागे घेतली तर त्याच्या मुलींच्या शाळेचं काय?’’ मी त्यावर उत्तर दिले नाही, कारण माझ्याकडे ते नव्हते.

तिच्यापुढे एक तिसरा मार्गही काही लोकांनी ठेवला: नाशिकला राहायचे, कागदावर सेंट कॅथरिन्सचा पत्ता तसाच ठेवायचा, आणि निर्णयाची वेळ आली की विमान पकडायचे. उद्योग कॅनडातून चालवणे ही अट आहे आणि कोण कुठे होते हे पासपोर्टवरून कळते. माझी भूमिका स्पष्ट होती की असे करायचे नाही. ती तिला मान्य होतीच. मी स्थलांतराचा सल्ला देत नाही, तो माझा अधिकार नाही. कॅनडात त्यासाठी पैसे घेण्याचा अधिकार तिथले वकील आणि परवानाधारक सल्लागार यांनाच आहे. म्हणून अभियंत्याने टोरांटोतील एका वकिलाकडे दोन्ही फायली नेल्या.

वकिलाने अत्यावश्यकतेच्या नोंदीबाबत तेच सांगितले जे आम्हाला ठाऊक होते. अभियंत्याला सर्वसाधारण गुणांकन पद्धतीने, म्हणजे एक्स्प्रेस एन्ट्रीने, स्वतंत्र अर्ज करता येईल का, हेही पाहिले. वय ४१, त्यामुळे गुण उतरलेले. आणि स्वतःच्या कंपनीत केलेले काम स्वयंरोजगार धरले जात असल्याने कॅनडातील अनुभवाच्या वर्गात ते मोजले जात नाही. दोन वर्षे बर्फात उभे राहून उद्योग उभारणाऱ्याचा त्या देशातील अनुभव कागदावर शून्य ठरत होता.

त्या बैठकीला पत्नीही गेली होती. अभियंत्याने मला नंतर सांगितले की चर्चा संपत आल्यावर तिने विचारले, ‘‘माझ्या नावाने होईल का?’’

होत होते. निवासगृहातील तिची नोकरी पगारी होती, कुशल कामाच्या गणनेत बसत होती, आणि तिला वर्षाहून बराच अधिक काळ झाला होता. २०२३ पासून एक्स्प्रेस एन्ट्रीत आरोग्यसेवेसाठी वेगळा गट असतो आणि त्यासाठी लागणारे गुण सर्वसाधारण निवड फेरीपेक्षा बरेच कमी असू शकतात. तिची बारा वर्षांची परिचारिकेची नोकरी भारतातील अनुभव म्हणून भर घालणारी होती. पदवीचे मूल्यांकन करून घ्यायचे आणि इंग्रजीची परीक्षा चांगल्या गुणांनी पुन्हा द्यायची, एवढेच बाकी होते. नाशिकच्या रुग्णालयाकडून अनुभवाचे पत्र हवे त्या नमुन्यात मिळवण्यासाठी मी स्वतः तीन वेळा गेलो. पत्रात आठवड्याचे तास लिहावे लागतात, आणि आपल्याकडे ते कोणी लिहीत नाही.

तिने वाट पाहिली

या प्रकरणातील कोणत्याही नियमापेक्षा मला पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. भागीदार एप्रिल २०२५ मध्ये कॅनडाला परत गेली. वडिलांसाठी दिवसरात्रीची बाई ठेवली, पतीने नाशिकमध्ये नोकरी बदलून सकाळची वेळ घेतली, आणि ती परत गेली ती केवळ आपल्यामुळे दुसऱ्या घराची फाईल पडू नये म्हणून. तिच्या वकिलाने तिला सांगितले होते की हे तुझ्यावर बंधन नाही. रोज रात्री, नाशिकच्या सकाळी, ती व्हिडिओवर वडिलांचा व्यायाम करून घ्यायची. वडिलांची वाचा गेली होती. उजव्या हाताचे एक बोट हलले की ती मोठ्याने मोजायची.

२०२५ च्या उत्तरार्धात आरोग्यसेवा गटाच्या एका निवड फेरीत अभियंत्याच्या पत्नीला निवासाच्या अर्जाचे निमंत्रण आले. अर्ज दाखल झाला, त्याची पोच आली आणि त्याच आठवड्यात भागीदाराने आपली स्टार्टअप व्हिसाची फाईल खरे कारण लिहून मागे घेतली. अभियंत्यानेही स्वतःची घेतली. खुले वर्क परमिट त्याच्याकडे मुदतीपर्यंत आहे, त्यामुळे काम थांबले नाही. डिसेंबरमध्ये सरकारने योजनाच बंद करत असल्याचे जाहीर केले. १९ डिसेंबरपासून तिच्याखालील नवे वर्क परमिट बंद झाले आणि ३१ डिसेंबर २०२५ नंतर नवे अर्ज घेणे थांबले. ज्यांच्याकडे २०२५ मधील वैध प्रमाणपत्र होते, त्यांना तेवढी ३० जून २०२६ पर्यंत मुदत देण्यात आली. उद्योजकांसाठी नवी, अधिक मर्यादित योजना २०२६ मध्ये आणण्याचे सरकारने म्हटले आहे.

आज कोणी तरुण उद्योजक अशा योजनेची चौकशी करायला आला, देश कोणताही असो, तर मी त्याला कल्पना आणि भांडवल यांच्याआधी घरातील सगळ्यांची यादी मागतो: कोण किती शिकले, कोणाचे आई-वडील कोणावर अवलंबून आहेत, कोणते मूल कोणत्या इयत्तेत आहे. आणि चमूच्या कागदावर प्रत्येकापुढे लिहिलेला शब्द सुटला तर किती माणसे त्याच्यासोबत सुटतील, ते त्याच्याकडून मोजून घेतो.

भागीदार आता नाशिकची कंपनी पाहते. कॅनडातील कंपनीतले तिचे शेअर तिच्याकडेच राहावेत असे दोघांनी ठरवले आहे. किती, त्याचे मूल्यांकन माझ्या कार्यालयात चालू आहे. गेल्या आठवड्यात नायगारात रात्री तापमान उणे सोळावर गेले तेव्हा इशारा तिच्या गणिताने दिला आणि पंखे वेळेवर सुरू झाले. सेंट कॅथरिन्सच्या कुटुंबाची वैद्यकीय तपासणी झाली आहे, निर्णय यायचा आहे. त्या अर्जात मुख्य अर्जदार म्हणून पत्नीचे नाव आहे आणि अभियंत्याचे नाव तिच्यासोबतच्या अवलंबितांच्या रकान्यात, मुलींच्या नावांच्या वर आहे.